बेटं वेचताना

३ जानेवारी

बोलून बसले — "मी येते!"

कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. बिट्टी जेवता जेवता रडकुंडीला आली होती, तोंडातून निघून गेलं. तिच्या प्रयोगशाळेत बेटं वेचणारी जी मुलगी होती, ती गेल्या आठवड्यापासून बाळंतपणाच्या रजेवर. तिच्या जागी एक आली, ती दोन दिवसांत पळाली. डोळे दुखतात म्हणे! बिट्टी म्हणाली, "वहिनी, काम इतकं बारीक गं. भिंगाखाली बघायचं आणि एकेक कण उचलायचा. शिकलेली माणसं कंटाळतात."

म्हटलं, मग न शिकलेलं चालेल का? बत्तीस वर्षं या घरात डाळ-तांदूळ निवडतेय. खडा आला का कधी कुणाच्या दाताखाली?

हे हसायला लागले. "घरात एक शास्त्रज्ञ पुरे झाली की! आता दुसरी?" बिट्टी मात्र हसली नाही. माझ्या बोटांकडे बघत बसली. मग म्हणाली, "खरंच येशील?"

आता येणं आलं.

ही डायरी गेल्या वर्षीची आहे, ह्यांना कुणीतरी दिलेली, कोरी पडली होती. वार चुकीचे आहेत, ते खोडते. कागद काही जुना झाला नाही.

५ जानेवारी

पहिला दिवस. तिसरा मजला, लांब बोळ, दोन्ही बाजूंना सारखीच दारं. पांढरा कोट दिला तो गुडघ्याच्या खाली. हातमोजे, टोपी, पायात कापडी पिशव्या. आरशात बघितलं तर मी कुठे दिसेचना!

भिंगाच्या यंत्राला डोळे लावले. पहिला तासभर फक्त माझ्याच पापण्या दिसल्या. बिट्टी म्हणाली, डोळा असा टेकवू नकोस, थोडा लांब ठेव. मग एकदम दिसलं. केवढं ते जग! फाटक्या कापसासारखा गाळ, त्यात गोल गोल, किंचित पिवळट कण. तीच बेटं. उंदराच्या स्वादुपिंडात ती विखुरलेली असतात, समुद्रातल्या बेटांसारखी, म्हणून तसं नाव. शरीरातल्या साखरेला लगाम घालतात ती हीच. बिट्टीची लहानपणीच मेली.

बारीक नळीनं एक उचलायचं, स्वच्छ बशीत सोडायचं. गाळ उचलायचा नाही. फुटकं उचलायचं नाही.

ज्या उंदरांची बेटं होती ते उंदीर बिचारे गेलेले. काम सुरू करायच्या आधी मी हात जोडले. पिंजऱ्यांचं काम बघणारे मामा दारात उभे होते. "ताई, हे रोज करणार?" म्हटलं, रोज. "मग रोज पाच मिनिटं उशीर होईल." म्हटलं, मी पाच मिनिटं लवकर येईन.

६ जानेवारी

दिवसभरात अकरा बेटं. मान गेली.

११ जानेवारी

आज एकशे चाळीस!! बिट्टीनं दोनदा मोजली.

युक्ती सापडली. मी नळीकडे बघत होते, हात थरथरत होता. आज मनात देवाचं नाव सुरू केलं — एक नाव, एक बेट. हात आपोआप स्थिर झाला. मोजायचीही कटकट नाही, शंभर नावं झाली की शंभर बेटं! फक्त मामा मधेच "ताई, चहा" म्हणून ओरडले आणि त्रेसष्टावर गाडी घसरली. पुन्हा पहिल्यापासून.

रात्री भाजी चिरताना बिट्टीला म्हटलं, आता नीट सांग, हे सगळं कशासाठी. तिनं सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. बेटं एका शरीरातून काढून दुसऱ्यात घालता येतात. माणसांतही घालतात. पण काढल्यापासून घालेपर्यंत निम्मीशिम्मी मरतात, त्यांचा श्वास कोंडतो. म्हणून एका रोग्याला दोन-तीन गेलेल्या माणसांची स्वादुपिंडं लागतात. इतकी मिळणार कुठून? बिट्टीचं म्हणणं, एक दुर्मिळ साखर आहे, निसर्गात चिमूटभरच सापडते, तिच्या पाण्यात बेटं रात्रभर ठेवली तर ती तग धरतात. मग थोडक्यात भागेल.

हे मला लगेच पटलं. एकात भागत असेल तर तीन कशाला?

हे म्हणाले, "म्हणजे साखरेच्या रोग्याला साखरेनंच बरं करायचं? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" बिट्टी म्हणाली, "दादा, ही साखर गोड लागते पण शरीर तिला साखर मानतच नाही." हे म्हणाले, "आमच्या ऑफिसात असे पुष्कळ आहेत. दिसतात साहेब, पण कुणी मानत नाही!"

१४ जानेवारी

आज पुन्हा झालं.

दुपारी बिट्टी मला पुढच्या आठवड्याचं समजावत होती. मधेच थांबली. मला वाटलं, आठवतेय. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. मी "बिट्टी" म्हटलं, उत्तर नाही. खुर्चीवरून घसरायच्या आत धरलं. पिशवीत रसाची बाटली असतेच, तोंडाला लावली, गालावर चापट्या मारल्या. "गीळ! गीळ म्हणते ना!" चार-पाच मिनिटांनी घाम फुटला आणि म्हणाली, "मी काय सांगत होते?"

ती अकरा वर्षांची होती तेव्हा हा आजार आला. मी नुकतीच लग्न होऊन आलेली, वीस-बावीसची. पहिलं इंजेक्शन मी दिलं. माझाच हात इतका कापत होता की ती म्हणाली, "वहिनी, तू डोळे मीट आणि दे." तेव्हापासून ती माझी नणंद कमी आणि लेक जास्त. साखर उतरायला लागली की पूर्वी तिला कळायचं — हात थरथरायचे, भूक लागायची. गेली चार वर्षं काहीच कळत नाही, एकदम अंधार. म्हणून एकटी राहत नाही, गाडी चालवत नाही, आमच्या न्हाणीघराला आतून कडी नाही. चाळिशी ओलांडलेली बाई, एवढी शिकलेली, आणि आंघोळीला गेली की मी दर दोन मिनिटांनी बाहेरून हाक मारते. ती आतून "आहे गं, आहे!" म्हणून ओरडते. तिला राग येतो. येऊ दे.

देवा, उंदरांचं होऊ दे. मग माणसांचं होईल. मग पहिली बेटं हिला. मी हे कुणापाशी बोलले नाही, इथेच लिहिते.

१८ जानेवारी

ती दुर्मिळ साखर बघितली. पांढरी, बारीक. औषधाच्या बाटलीएवढी बरणी आणि तळाला दोन बोटं. बाकीची गेल्या वर्षीच्या फसलेल्या फेऱ्यांत गेली. आणखी मागवली तर बनवणारे म्हणतात, आठ महिने थांबा. आणि समिती बसणार ३० मार्चला. माणसांवर करायला परवानगी द्यायची की नाही ते त्या दिवशी ठरणार. नाही दिली तर काम बंद, जागा दुसऱ्यांना.

म्हणजे एकच फेरी. बिट्टी म्हणाली, "उरेल ती पुढच्या फेरीला पुरायची नाही. निम्म्या फेरीची होईल. निम्म्या फेरीचं काय करू, लोणचं घालू?"

सोळा उंदीर. सगळ्यांना साखरेचा आजार. आठ हिरव्या पिंजऱ्यांतले — त्यांना साध्या पाण्यात ठेवलेली बेटं. आठ निळ्या पिंजऱ्यांतले — त्यांना साखरेच्या पाण्यातली. प्रत्येकाला फक्त शंभर. एरवी अडीचशे लागतात.

सोळाशे बेटं वेचायची, म्हणजे सोळाशे नावं. माझ्या खात्यावर पुण्यही जमा होतंय हे हिला कळत नाही!

१९ जानेवारी

झालं एकदाचं! सकाळी सहाला गेलो ते आत्ता आठला आलो.

आता हात बसलाय, तासाला दीडशे होतात; संध्याकाळपर्यंत वेचली. बिट्टी शेवटी उद्याच्या कापाकापीची तयारी करायला आतल्या खोलीत गेली आणि बशा भरायचं माझ्यावर सोपवलं. निळ्या आठ बशा, बाटलीत साखरेचं पाणी चोवीस मिली, म्हणजे एकीला तीन. हिशेब सोपा. पण त्या नळीवरच्या रेघा इतक्या बारीक, आणि दमलेली मी, पहिल्या चार बशांत हात सढळ पडला — साडेचार साडेचार गेलं. जन्मात कधी हात सढळ पडला नाही, तो नेमका आज! बघते तर बाटलीत सहाच शिल्लक आणि चार बशा कोरड्या.

घाबरले नाही. घरी तेलाची बाटली संपत आली की काय करतो आपण? तेच गुलाबी साधं पाणी, बेटं ज्यात एरवी ठेवतात ते, सहा मिली बाटलीत घातलं, छान खळबळून घेतलं, काठाला लागलेलं सगळं उतरलं, आणि पाच ते आठ नंबरच्या बशांत तीन तीन बरोब्बर भरलं. थेंब वाया गेला नाही.

बिट्टी आली, बघितलं, म्हणाली, "वा वहिनी, किती नीट!" मी जाम खूश.

२० जानेवारी

सोळा उंदरांना सोळा टाके. बिट्टीचे हात बघत राहावे असे! मूत्रपिंडाच्या पातळ पापुद्र्याखाली शंभर बेटं अलगद सरकवते. एकही उंदीर दगावला नाही.

२४ जानेवारी

रोज सकाळी शेपटीच्या टोकाचा थेंब, छोट्या यंत्रावर आकडा. मामा धरतात, मी थेंब घेते, मीच लिहिते. तीनशेच्या वर म्हणजे आजारी. दोनशेच्या खाली सलग राहिला तर बरा.

आज सगळे तीनशेच्या वर. धीर धर बाई.

२७ जानेवारी

निळा सात नंबर — एकशे ऐंशी!!! मामांनी त्याचं नाव पैलवान ठेवलं.

२८ जानेवारी

पैलवान एकशे बासष्ट. निळा पाच एकशे नव्वद. हिरवे सगळे चारशेच्या घरात. मामा हिरव्या पिंजऱ्यांना म्हणाले, "अरे, तुम्हीही थोडा अभ्यास करा की."

मला त्या हिरव्यांचं वाईट वाटतं. त्यांच्यासाठीही मागते देवाकडे. म्हणजे प्रयोग बिघडावा म्हणून नाही. त्यांना फार त्रास होऊ नये, एवढंच.

३ फेब्रुवारी

पंधरा दिवस झाले. बिट्टीनं जेवणाच्या टेबलावर सगळे आकडे मांडले. हिरव्या आठांतला एकच बरा. निळ्या आठांतले सहा बरे! हे चष्मा लावून बघत होते जसं काही सगळं समजतंय.

बिट्टी आनंदात होती, मग हळूहळू कपाळाला आठ्या आल्या. "दादा, गंमत बघ. एक ते चार — दोनच बरे. पाच ते आठ — चारच्या चार. आणि पहिल्याच आठवड्यात! असं कसं? बाटली एक, दिवस एक, हात एक." हे म्हणाले, "नशीब." ती म्हणाली, "नशिबाचा रकाना नाही माझ्याकडे."

पाच ते आठ.

मी वाढत होते. डाव हातातून पडला. बिट्टी म्हणाली, "वहिनी, भाजलं का?" म्हटलं, हो, जरासं.

काही भाजलं नव्हतं.

४ फेब्रुवारी

सांगितलं नाही. दिवसभर बेटंही नीट वेचता आली नाहीत. नाव घेते आणि पुढचं नाव आठवत नाही.

चार बशांत मी पाणी मिसळलं. मापाचा प्रयोग होता आणि मी माप मोडलं. सांगितलं तर सगळी फेरी फुकट जाईल. बरणीत दुसऱ्या फेरीपुरती साखर नाही. समितीला आठ आठवडे उरले. आणि नाही सांगितलं तर? सहा उंदीर बरे झालेत, ते तर खरंच आहे. कुणाला कळणार आहे?

देवासमोर बसले होते. नुसतीच बसले. त्याला तर कळलंच आहे.

५ फेब्रुवारी

सांगितलं.

घरी नाही, तिथेच, तिच्या मेजापाशी उभं राहून. म्हटलं, बिट्टी, पाच ते आठमध्ये मी पाणी घातलंय.

आधी तिला कळलंच नाही. "कसलं पाणी?"

"गुलाबी. पुरेना, म्हणून बाटली खळबळली."

मग जे बोलली ते बत्तीस वर्षांत कधी बोलली नव्हती. "वहिनी, हे स्वयंपाकघर नाही! इथे आमटी वाढवायची नसते! पाहुणे आले की घातलं पाणी!" आवाज चढलेला. मामा पिंजरे पुसत होते ते निघून गेले. मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, "सोळा जीव गेले असते तरी चाललं असतं गं. आता हे आकडे मी कुठल्या तोंडानं दाखवू?"

कोट काढून खुंटीला लावला आणि चालत घरी आले. चाळीस मिनिटं. वाटेत रडायचं नाही ठरवलं होतं, ते जमलं. घरी जमलं नाही. हे घाबरले. काही न विचारता दोघांचा चहा केला — साखर घालायला विसरले, तरी मी प्यायले.

६ फेब्रुवारी

पहाटे पाचला बिट्टी स्वयंपाकघराच्या दारात! केस पिंजारलेले, डोळे लाल. मला वाटलं साखर उतरली, धावले बाटली घेऊन.

"नाही गं, ठीक आहे मी. वहिनी, किती पाणी घातलंस?"

"सहा."

"सहा काय? चमचे? अंदाजे?"

"सहा मिली. आणि बाटलीत सहाच उरलं होतं. अंदाजे काय म्हणून? मी काय आंधळेपणानं ओतते?"

"नक्की आठवतंय?"

"आठवायचं काय त्यात, लिहिलंय."

"कुठे?!"

मग ही डायरी आणली. हिला कधी कुणाचा हात लागलेला नाही. मी बोटानं वरचं झाकलं, खालचं झाकलं, फक्त एकोणीस तारखेचा तो परिच्छेद दाखवला. तिनं तीनदा वाचला. ओट्यावर बसली — या वयात! — आणि हसायला लागली. मग रडायला. मग दोन्ही.

"निम्मी ताकद! बरोब्बर निम्मी! वहिनी, मी इतके दिवस ताकद वाढवत होते. कमी करून बघायचं मला सुचलंच नाही. जास्त झाली तर बेटं सुस्तावत असतील... कमीच हवी असेल..." बोलत सुटली. मला निम्मं कळलं.

मग एकदम ओट्यावरून उतरली. "काल बोलले ते —"

म्हटलं, राहू दे. आमटी वाढवते मी, खरंच आहे.

"नाही, ऐक ना. दुसऱ्या कुणी हे सांगितलं नसतं."

मी गॅसकडे बघत म्हटलं, दूध उतू जाईल, सरक.

७ फेब्रुवारी

बिट्टीनं प्रयोगाच्या वहीत सगळं जसंच्या तसं लिहिलं. काय चुकलं, कुणाकडून, किती मिली. एक अक्षर गुळगुळीत केलं नाही. खाली माझी सही घेतली. बिट्टीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर सोडून मी फारशा कुठे सह्या केल्या नाहीत. ही लपेटदार केली.

आणि मुख्य म्हणजे — बरणीतली उरलेली साखर! निम्म्या फेरीची होती ना? निम्म्या ताकदीनं ती पूर्ण फेरीला पुरते!! हे बिट्टीच्या आधी माझ्या लक्षात आलं. बरणी उलटी करून ठोकली, मग ब्रशनं कडा झाडल्या. म्हणाली, "तुझ्यादेखत एक दाणा सोडायची भीती वाटते."

१२ फेब्रुवारी

दुसरी फेरी भरली. या वेळी बिट्टी शेजारी, आणि प्रत्येक बशी तीन मिली, दोघींनी बघून. मला कुठली बशी कुठल्या उंदराला ते सांगितलेलं नाही, बंद पाकिटात ठेवलंय. आकडा मी घेणार ना, मग मनात ओढ नको म्हणे. बरोबर आहे. माझ्या मनाचं मलाही सांगता येत नाही.

सोळाशे नावं. शेवटच्या शंभरांना बिट्टीचं नाव मधेमधे येत होतं. देवानं समजून घेतलं असेल.

२० फेब्रुवारी

मामा विचारतात, "ताई, कोण जिंकतंय?" म्हटलं, मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. "बाप रे, तुम्हीपण साहेब झालात!"

८ मार्च

पाकीट उघडलं. निम्म्या ताकदीचे आठ, त्यातले सात बरे! साध्या पाण्याचे आठ, त्यातला एक! बिट्टीनं मला उचललं. सत्तर किलोच्या बाईला!

पैलवान अजून ठणठणीत आहे. दीड महिना होऊन गेला. मामा म्हणतात तो आता निवृत्त, त्याला कुणी सुई लावायची नाही.

१६ मार्च

आज न्हाणीघरातून "आहे गं" आलं नाही. धावले. ती फक्त साबण डोळ्यांत गेला म्हणून गप्प होती. दोघी मोठमोठ्यानं हसलो. मग ती बाहेर येईपर्यंत मी दारातच बसून राहिले.

देवा, लवकर.

३० मार्च

समिती!

बिट्टी आत, मी आणि मामा बाहेर बाकावर. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. म्हणाले, "माझेही उंदीर आहेत त्यात." दार बंद. आतून एक जाड आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग बिट्टीचा. एकदा सगळे हसले. मामा म्हणाले, "हसले म्हणजे चांगलं." मी म्हटलं, कुणावर हसले त्यावर आहे.

दीड तासानं दार उघडलं. एक पांढऱ्या केसांच्या बाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "सहा मिली घालणाऱ्या तुम्हीच का?" मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि हलवत राहिल्या. "चूक लिहून ठेवलेला प्रयोग मी पुष्कळ वर्षांनी बघितला."

परवानगी मिळाली! बारा रोगी, माणसं!! बिट्टी जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरत होती, मी कोट सावरत मागून, मामा त्यांच्या मागून "पडाल, पडाल!" करत. टॅक्सीनं घरी आलो. टॅक्सी माझी कल्पना! ह्यांनी दार उघडलं, टॅक्सी बघितली, आणि आधी घाबरूनच विचारलं, "कोण पडलं?"

रात्री चौघं जेवलो, मामांनाही धरून आणलं. ह्यांनी पैलवानाच्या नावानं पाण्याचा पेला उंचावला.

३१ मार्च

सकाळी बिट्टीचे केस विंचरता विंचरता तिला विचारलं — सहज, जसं काही आत्ताच सुचलं — बारा जणांत तुझा नंबर कितवा गं?

ती म्हणाली, "माझा नाही."

"नाही म्हणजे?"

"ज्यांचा प्रयोग त्यांना त्यात बसता येत नाही, वहिनी. नियम आहे. आणि बरोबर आहे. मी माझ्याच आकड्यांकडे सरळ डोळ्यांनी बघू शकेन का?"

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

कंगवा तसाच केसांत राहिला. म्हटलं, मग मी सोळाशे आणि सोळाशे कुणासाठी वेचली? ती वळली. तिला आत्ता कळलं की मी काय धरून चालले होते. हळूच म्हणाली, "अगं, आजही कुठेतरी कुणीतरी अकरा वर्षांची असेल ना? आणि तिची वहिनी डोळे मिटून सुई टोचत असेल."

खरं आहे. सगळं खरं आहे. तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. पण मी तिच्या जागी नाही. मी तिच्या न्हाणीघराच्या दाराबाहेर आहे.

१ एप्रिल

तिच्याशी बोलले नाही. देवाशीही नाही.

२ एप्रिल

देवाशी बोलले. भांडलेच. बिट्टीशी अजून नाही.

४ एप्रिल

बिट्टीनं डबा उघडला तर मी भाजी द्यायला विसरलेली. तिथून माझ्या मेजापाशी आली, "वहिनी, नुसती शिक्षा वाढलीस का डब्यात?" हसू आलं, काय करणार. माझी भाजी अर्धी दिली. मग बराच वेळ ती शेजारी बसून मी वेचताना बघत राहिली. म्हणाली, "तुझा हात आता माझ्यापेक्षा चांगला चालतो." म्हटलं, उगाच काहीतरी.

९ एप्रिल

बिट्टीनं राजीनामा दिला.

त्या पांढऱ्या केसांच्या बाईंना विचारून, सगळं लेखी करून, मग घरी सांगितलं. प्रयोग आजपासून दुसऱ्या कुणाच्या हातात. तिनं त्याला पुन्हा हात लावायचा नाही, वहीसुद्धा उघडायची नाही. मग तिचीही इतरांसारखी तपासणी होईल, आणि पात्र ठरली तर रांगेत उभं राहता येईल. ह्यांनी विचारलं, "एवढी वर्षं मेहनत केलीस, ती सोडून द्यायची?" म्हणाली, "दादा, वीस वर्षं दुसऱ्यांसाठी शहाणी झाले. आता जरा स्वतःसाठी आजारी होऊन बघते."

मी कोट परत करायला निघाले होते. तिनं अडवलं. "तू कुठे? उंदरांची पुढची फेरी आहे. नव्या बाईंना मी सांगून आलेय — बेटं वेचणारी आहे, आणि ती चूक झाली तरी खरं सांगते."

बिट्टीला बाहेरून हाक मारायला ह्यांनी रजा टाकलीय. परवा सकाळी मी कामाला जाणार आणि बिट्टी मला दारापर्यंत सोडायला येणार.